नकाशावरचे पांढरे चौकोन

माकडतापाचा नकाशा काढताना पहिली अडचण येते ती पत्त्याची. कागदावर रुग्णाची वाडी असते, पण गोचीड चावलेली असते काजूच्या बागेत, नाहीतर भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, पातेरा (वाळका पाला) गोळा करताना, नाहीतर गुरांमागे रानात. चावल्यापासून ताप यायला तीन ते आठ दिवस जातात. तेवढ्यात माणूस चार ठिकाणी फिरून आलेला असतो आणि तापात त्यातलं काही धड आठवत नाही. म्हणून आम्ही आकडेवारीवाले माणसांपेक्षा मेलेल्या माकडांवर जास्त भिस्त ठेवतो. वानर किंवा लाल तोंडाचं माकड या तापाने मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पातेऱ्यात उतरतात आणि तेवढी जागा काही काळ धोक्याची होते. तिचे अक्षांश-रेखांश मिळाले तर नकाशावर निदान एक बिंदू खरा बसतो.

हा रोग 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. पुढची कित्येक वर्षं तो कर्नाटकातल्या त्याच पट्ट्यापुरता आहे, असंच समजलं जात होतं. मग बंदीपूर, वायनाड, 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरीतलं पाळी आणि 2016 मध्ये आमच्या सिंधुदुर्गातलं दोडामार्ग. सगळे म्हणतात, रोग पसरत पसरत आला. आला असेलही. पण आधीपासून होता आणि कुणी तपासलं नव्हतं, अशी शक्यताही उरतेच. नुसत्या रुग्णसंख्येवरून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. हाच पेच त्या दिवशी एका तालुक्याच्या नकाशावर पुढ्यात आला.

आरोग्य विभाग, वन विभाग, पशुसंवर्धन आणि आशाताई अशी सगळ्यांची एकत्र बैठक होती. भिंतीवर मी मोठा नकाशा लावला. तालुक्याचे एक-एक किलोमीटरचे चौकोन पाडलेले, जिथे माकडं मेल्याच्या नोंदी जास्त तिथे रंग गडद. लाल पट्टा डांबरी रस्त्यांना धरून धरून चालला होता. एका ठिकाणी तर बिंदूंचा नुसता ढीग होता, बरोबर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या छपरावर. फॉर्म तिथे बसून भरले जायचे आणि मोबाईल तिथलीच जागा टिपायचा. यावर सगळे मनसोक्त हसले. तेवढे बिंदू मी आधीच हिशेबातून वगळले होते, नकाशावर मुद्दाम ठेवले होते ते दाखवण्यासाठी.

तिलारीच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याकडचे बरेच चौकोन मात्र पांढरेफटक होते.

मागच्या बाकावरून एका वनरक्षकाने विचारलं, "मॅडम, हय रोग नाय, काय हय कोण बघूकच जाणा नाय?"

परिषदांमध्ये यावर तासतासभर चर्चा चालते. एखाद्या चौकोनात नोंद होण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात. तिथे माकड मरायला हवं आणि ते कुणाच्या तरी नजरेला पडायला हवं. प्रारूपात, म्हणजे गणिती मॉडेलमध्ये, दोन्हींची शक्यता वेगवेगळी मांडता येते, पण आकडे मिळतात ते दोन्हींच्या गुणाकाराचे. त्यात रस्ता दोन्हीकडे डोकावतो. रस्त्याकडेला माणसाची नजर जास्त पडते हे खरं, पण तिथेच जंगल तुटून बागा झाल्यात, गुरं आत-बाहेर करतात आणि गोचिडींनाही असा मिश्र प्रदेश मानवतो. म्हणजे रस्त्याकडचा लाल रंग नजरेमुळे किती आणि रोगामुळे किती, हे नुसत्या अंतरावरून सुटत नाही. शेजारच्या चौकोनांकडून माहिती उसनी घेऊन नकाशा गुळगुळीत करता येतो, पण शेजारीही पांढरेच असतील तर उसनं कोण देणार? गोव्याच्या हद्दीला लागून तर अर्धे शेजारीच गायब होते. तिकडच्या नोंदी वेगळ्या तक्त्यात, वेगळ्या नमुन्यात, त्यामुळे माझा नकाशा तिथे कात्रीने कापल्यासारखा संपत होता.

मी एवढंच म्हणाले, "कोण कुठे, किती वेळा गेलं हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही."

"ता आमच्याकडे आसा," तो म्हणाला.

झालं होतं असं की, या भागात कर्नाटकातून उतरलेले हत्ती कित्येक वर्षांपासून आहेत. माड, केळी, भातशेती यांची नासधूस होते, म्हणून गस्त चालते आणि गस्तीची वही असते. तारीख, वाट, किती जण होते, काय दिसलं. वही हत्तींसाठी, माकडतापाशी तिचा काडीचा संबंध नाही, आणि म्हणूनच ती मला सोन्याच्या मोलाची होती. मेलेली माकडं सापडायच्या आधीच त्या वाटा ठरलेल्या होत्या.

जेवणानंतर आम्ही चौघं-पाचजण त्या वह्या घेऊन बसलो. अर्ध्या वाटांना नावंच नव्हती. "फणसाकडची", "पऱ्ह्यापलीकडची" असली वर्णनं. वनरक्षक नकाशावर बोट ठेवून रेघ ओढायचे, मी ती संगणकात उतरवायची. मेलेलं माकड नजरेतून सुटत नाही का, असंही मी विचारून घेतलं. हत्तीच्या मागावर असताना नजर खालीच असते, म्हणाले, आणि कुजल्याचा वास तर लांबूनच येतो. बिबट्याने उचललं तर मात्र काहीच राहत नाही. हे "काहीच राहत नाही"सुद्धा प्रारूपात घालावं लागलं.

संध्याकाळी पांढऱ्या चौकोनांचे दोन गट झाले. काहींतून माणसं वारंवार गेली होती आणि काही आढळलं नव्हतं. उरलेल्यांत पायच पडला नव्हता. पहिले मी पांढरे ठेवले, दुसऱ्यांवर तिरप्या रेघा मारल्या. रस्त्याकडचा लालही थोडा उतरला, कारण तिथे रोज कुणी ना कुणी असतंच.

साहेबांना रेघा आवडल्या नाहीत. त्यांना एकच नकाशा हवा होता, लाल म्हणजे फवारणी, हिरवं म्हणजे निश्चिंत. एकच रंगीत नकाशा मागणाऱ्या माणसाला मी आता तो देत नाही. धोका एका कागदावर आणि अनिश्चितता दुसऱ्यावर, दोन्ही एकदम टेबलावर ठेवते. त्यांनी विचारलं, लाल कमी झाला तर तिथली मॅलॅथिऑन ही गोचीडनाशक पावडर थांबवायची का? नाही. तिथे माकडं मेलीच आहेत. पावडर तिथेच टाकायची. प्रश्न होता तो गोचिडी गोळा करणाऱ्या पथकाचा. जमिनीवरून पांढरं फडकं ओढत जायचं आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी वेचून बाटलीत भरायच्या, अशी ती पद्धत. पथक एकच आणि हंगाम तोकडा. ते पुन्हा लाल चौकोनांत न पाठवता रेघांच्या चौकोनांत पाठवा, म्हटलं. त्यातही आधी तिथे, जिथे मार्चपासून काजूच्या बिया वेचायला बायामाणसं शिरणार आहेत. कुठल्या वाडीच्या बाया कुठल्या बागेत जातात, याची यादी आशाताईंनी तिथल्या तिथे तोंडपाठ सांगितली. ती कुठल्याही सरकारी तक्त्यात नव्हती.

निघताना माकडांच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढला: "गेलो, काही आढळलं नाही." आधीच वह्या कमी आहेत का, म्हणून वनरक्षक कुरकुरले. एक आशाताई मात्र अंगाला लावायच्या गोचीडरोधक तेलाच्या बाटल्या काजूच्या आधी येणार की नंतर, एवढंच विचारत होत्या. साहेबांनी त्याचं उत्तर दुसऱ्या दिवसावर ढकललं, आणि पथकाच्या गाडीचं डिझेल मंजूर केलं.