मृग चंद्राचं ऐकत नाही

तासगावच्या एसटीत पुढच्या सीटवर नात विचारत होती, "आजी, आवंदा ज्येष्ठ दोन हाईत, मग मिरूग बी दोनदा येणार?"

"न्हाई गं. मिरूग सात जूनला, न्हायतर आठला. त्यो चंद्राचं ऐकत न्हाई."

दिवसभर हेच डोक्यात.

आपले महिने चंद्राचे. बारा चांद्रमास म्हणजे 354 दिवस, वर्षाला 11 दिवस कमी. ती तूट भरायला साधारण 32-33 महिन्यांनी अधिक मास येतो. यंदा, 2026 मध्ये, तो ज्येष्ठात आला, म्हणून दिवाळी थेट नोव्हेंबरात. मिरूग म्हणजे मृग आणि बाकीची पावसाची नक्षत्रं मात्र सूर्याची. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तसा सूर्य आपल्याला एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस दिसतो. ऋतूही याच फेरीचे, कलत्या आसाचे. म्हणून पेरणी तिथीवर नाही, नक्षत्रावर.

आजी बोटांच्या पेरांवर मोजून दाखवत होती: रोहिणी, मिरूग, आर्द्रा, मग तरणा पाऊस (पुनर्वसू), म्हातारा पाऊस (पुष्य). अंगठा एकदाही अडखळला नाही. चंद्र-सूर्याचे दोन हिशेब तिनं कधीच वेगळे केले होते. याला सरसकट अंधश्रद्धा म्हणणं मला पटत नाही.

मृग लागला म्हणून पाऊस येतोच असं नाही, हे जत-आटपाडीसारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला सांगायला नको. पण रान तयार कधी ठेवायचं, हे त्यावरून नक्की कळतं.

तुमच्या घरात ही नक्षत्रं ओळीनं कोण सांगू शकतं? पोरांना येतात का?