बर्लिनमध्ये फॉन ग्रेफे यांच्या स्मारकापाशी

बर्लिनच्या फ्रीडरिशस्ट्रास स्थानकावरून श्प्रे नदी ओलांडून शारिटे रुग्णालयाच्या दिशेने चालत गेले, की लुइझेनस्ट्रास आणि शूमानस्ट्रास यांच्या कोपऱ्यावर एकोणिसाव्या शतकातील जर्मन नेत्रशल्यचिकित्सक आल्ब्रेश्ट फॉन ग्रेफे यांचे स्मारक दिसते. आमच्या घराण्यात काचबिंदू आहे, त्यामुळे या शहरात आल्यावर मला सर्वप्रथम येथेच यायचे होते.

कोनाड्यात उभ्या असलेल्या ब्राँझच्या पुतळ्याच्या हातात नेत्रदर्शक आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ते उपकरण जगापुढे ठेवले आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा प्रथमच नीट पाहता येऊ लागला. विशीतल्या ग्रेफे यांनी ते लगेच रुग्णांच्या तपासणीत आणले. पुतळ्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत उठावशिल्पे आहेत: एकीकडे चाचपडत येणारे दृष्टिहीन, दुसरीकडे बरे झालेले लोक. शिल्पकार सीमरिंग यांनी डॉक्टरांइतकीच जागा रुग्णांना दिली, हे मला फार मोलाचे वाटले.

ग्रेफे यांचे वडीलही नामांकित शल्यचिकित्सक होते. नाकाच्या पुनर्रचनेवरील त्यांच्या १८१८ च्या ग्रंथात भारतीय पद्धतीचे विवेचन आहे. पुण्यात झालेल्या अशाच एका शस्त्रक्रियेचा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या नियतकालिकात छापून आल्यापासून युरोपचे त्या पद्धतीकडे लक्ष वेधले गेले होते.

मुलाने डोळा निवडला. जवळच्याच कार्लस्ट्रासवर, म्हणजे आजच्या राइनहार्टस्ट्रासवर, त्यांचे खासगी नेत्ररुग्णालय होते आणि तेथे गरिबांवर मोफत उपचार होत. तीव्र काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो, असह्य वेदना होतात आणि पाहता पाहता दृष्टी जाते. त्यावर तोवर खात्रीचा इलाज नव्हता. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा लहानसा तुकडा कापून काढल्यास दाब उतरतो आणि दृष्टी वाचू शकते, हे ग्रेफे यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले. पुढे मोतीबिंदू काढण्यासाठी त्यांनी अरुंद पात्याची सुरी वापरात आणली. ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

त्यांची समाधी मात्र येथे नाही. त्यासाठी यू-सहा या मेट्रो मार्गाने हालेशेस टोरला उतरून तेथल्या जुन्या दफनभूमीत जावे लागते. क्षयाने पोखरलेल्या शरीरानिशी ते अखेरपर्यंत काम करीत राहिले आणि २० जुलै १८७० रोजी, फ्रान्स-प्रशिया युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी वारले. शारिटेजवळचे स्मारक त्यानंतर १२ वर्षांनी उभे राहिले.