आमची वाटचाल : बी अबिदजानची, कारखाना वेंगुर्ल्याचा

वडिलांनी 1998 मध्ये घराच्या मागच्या पडवीत काजू फोडायला सुरुवात केली. गावची बी मिळायची मार्च ते मे. पुढे पावसाळा लागला की बॉयलर थंड आणि आठ बायका घरी. "बी नाय तर कारखानो कित्याक?" हे वडिलांचं नेहमीचं वाक्य.

2008 मध्ये एका दलालामार्फत पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टची बी मागवली. आउटर्न 48 सांगितला होता, म्हणजे 80 किलोच्या पोत्यामागे 48 पौंड चांगला गर. निघाला 41. ते वर्ष हप्ते फेडण्यातच गेलं.

मग मी स्वतःच आयव्हरी कोस्टमधलं अबिदजान शहर गाठलं. तिथे मार्कोरी भागातल्या झोन 4 मध्ये बीचे व्यापारी हाजी भेटले. आफ्रिकन व्यापारी शोधत गेलो आणि समोर बसला होता लेबनीज माणूस! त्यांचे आजोबा दक्षिण लेबनॉनमधल्या सूर (टायर) शहराजवळचे. अमेरिकेला निघाले, पैसे संपले म्हणून वाटेत सेनेगलमधल्या डाकारला उतरले, असं हाजी सांगतात. तिथला दर दुसरा लेबनीज हीच गोष्ट सांगतो, खरीखोटी देव जाणे. एक भाऊ साओ पावलोत, बहीण अमेरिकेत डिअरबॉर्नला. आमचे चाकरमानी गणपतीला येतात तसे हे सगळे उन्हाळ्यात गावी जमतात. हाजींनी माझ्यासमोर बी कापून पाहिली. आउटर्न 46 भरला, कागदावरही 46 च लिहिला. मला तेवढं पुरे झालं.

2011 मध्ये निवडणुकीच्या वादातून तिथे गोळीबार सुरू झाला, बँका बंद पडल्या. बरेच परदेशी निघून गेले, हाजी मात्र राहिले. लेबनॉनच्या बैरूतमध्ये 1975 पासून 15 वर्षं यादवी पाहिलेला माणूस तो. उशिरा का होईना, दोन कंटेनर आले, तेही उधारीवर.

2019 मध्ये लेबनॉनच्या बँकांनी ठेवीदारांचे डॉलर अडकवून ठेवले. हाजींची म्हातारपणाची पुंजीही त्यात गेली. पुढच्या ऑगस्टमध्ये बैरूत बंदरात स्फोट झाला. तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच आगाऊ रक्कम मागितली. आमच्या बँकेतल्या साहेबांनी मला वेड्यात काढलं. वडील एवढंच म्हणाले, "धाड."

आज कारखाना दहा महिने चालतो, साठजणी कामाला आहेत. आयव्हरी कोस्टचं सरकार आता बी तिथेच फोडायला उत्तेजन देतंय. हाजींच्या मुलानेही तिथल्या बुआके शहरात कारखाना टाकलाय, यंत्रं जुळवायला आमचाच फोरमन गेला होता. पुढच्या हंगामात आमच्यासाठी बी किती उरणार, हे हाजींना विचारायला अजून जीभ रेटलेली नाही.