येरळेची वाळू जागेवर राहू द्या

गावात पुन्हा ओढा खोलीकरणाचा विषय निघालाय. पोकलेन कधी येणार, एवढीच चर्चा. मला त्या पोकलेनची धास्ती वाटते, म्हणून लिहितोय.

आमचा ओढा येरळेला मिळतो. येरळा खटावच्या डोंगरात उगवते, सांगलीतल्या आमच्या खानापूर तालुक्यातून खाली उतरते आणि ब्रह्मनाळला कृष्णेत मिसळते. उन्हाळ्यात ती वरून कोरडी दिसायची, पण वाळूखाली पाणी असायचंच. आई पात्रात हातभर झिरा उकरायची. आधी गढूळ पाणी यायचं, ते वाटीनं उपसून टाकायचं, जरा दम धरायचा, मग कडेच्या वाळूतून निवळशंख पाणी झिरपायला लागायचं. घनमीटरभर वाळूत ३०० लिटरच्या आसपास पाणी मावतं, आणि खोलवरचं ते पाणी उन्हानं फारसं उडत नाही. काठच्या विहिरी त्याच साठ्यावर तगायच्या. पुढं वाळूचे ट्रक लागले. आता कित्येक ठिकाणी नुसता खडक आणि वेडी बाभळ.

याच नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८०च्या दशकात दुष्काळग्रस्तांच्या मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा धरणाचं काम हाती घेतलं. थोडी वाळू गावानंच विकून पैसा उभा केला आणि पाण्याचा वाटा भूमिहीनांनाही धरला. किती वाळू उचलायची हे ठेकेदारानं नाही, नदीकाठच्या माणसांनी ठरवलं. मला ही गोष्ट धरणाहून मोठी वाटते.

खोलीकरणात ओढ्याचा सरळ चर होतो. वळणं जातात, डोह जातात, निरगुडी, करंज, उंबर मुळासकट निघतात. फोटोत पाणी झकास दिसतं. पण मरळ मासळी काठच्या उथळ पाण्यात, गवताच्या आडोशाला अंडी घालते. उभ्या कापलेल्या काठाला ती कुठं जाणार? आणि डोंगर उघडाच ठेवला तर पहिल्या दोन-चार मोठ्या पावसांत चर गाळानं भरणार. काम माथ्यापासून पायथ्याकडे यायला हवं: आधी माथ्यावर समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले) आणि झाडोरा, मग शेतांची बांधबंदिस्ती, ओढा शेवटी. तिथंही साचलेला गाळ तेवढा काढावा, वाळू-मुरमाला हात लावू नये.

ग्रामसभेत माझी मागणी साधी आहे. आमच्या शेतापासून येरळेपर्यंतचा ओढा पाच पावसाळे मशीन न लावता सोडा. चराईबंदी तेवढी गावानं पाळावी. काठाची वीस फुटांची पट्टी मी नांगरणार नाही; तिथं करंज आणि वाळुंज लावायला यंदाच सुरुवात करतोय.