शिकागो ते मिलवॉकी: ऑक्टोबरमधल्या बेसबॉलच्या वाटेवर

शिकागोच्या युनियन स्टेशनवरून सुटणारी ‘हायवाथा’ रेल्वे दीड तासात मिलवॉकीला पोचते. 2025च्या ऑक्टोबरात तिच्या डब्यात कब्सवाले (शिकागोच्या संघाचे चाहते) आणि ब्रुअर्सवाले (मिलवॉकीचे) शेजारी शेजारी बसलेले होते आणि वाद एकच होता: हंगामाच्या 162 सामन्यांत पहिला आलेला संघ मोठा, की ऑक्टोबरातल्या बाद फेऱ्या जिंकणारा? माझं मत या प्रवासात पक्कं झालं. ऑक्टोबरचा बेसबॉल हा वेगळाच खेळ आहे, आणि त्याचं गणित पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, विश्रांतीचं आहे.

आधी रचना. लीग दोन, आणि प्रत्येक लीगमधून 6 संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, येतात. पहिल्या दोघांना पहिली फेरी माफ. उरलेल्या चौघांची 3 सामन्यांची वाइल्ड कार्ड मालिका, आणि तिचे सगळे सामने वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी. पुढची डिव्हिजन सिरीज 5 सामन्यांची: दोन वरच्याकडे, दोन खालच्याकडे, गरज पडली तर पाचवा पुन्हा वरच्याकडे. त्यानंतरच्या दोन्ही फेऱ्या 7 सामन्यांच्या. ब्रुअर्सनी 97 सामने जिंकले होते, त्या वर्षी कुणाहीपेक्षा जास्त, म्हणून ते घरी बसून वाट पाहत होते. 92 विजयांचे कब्स सॅन डिएगोशी तीन सामने खेळून आले.

तिथेच मेख आहे. सामना सुरू करणाऱ्या पिचरला, म्हणजे स्टार्टरला, दोन सामन्यांमध्ये किमान चार दिवसांची विश्रांती लागते. कब्सच्या मॅथ्यू बॉइडने 30 सप्टेंबरला सॅन डिएगोविरुद्ध सुरुवात केली आणि 4 ऑक्टोबरला, म्हणजे मध्ये फक्त तीन दिवस सोडून, त्याला मिलवॉकीत पुन्हा उभं केलं. नऊपैकी पहिली इनिंगही (डाव) त्याला संपवता आली नाही. क्षेत्ररक्षणातली एक चूकही भोवली, ब्रुअर्सनी त्याच इनिंगमध्ये 6 धावा काढल्या आणि सामना 9-3 असा घेतला. हाच बॉइड 9 तारखेला पूर्ण विश्रांतीनंतर रिगलीवर, कब्सच्या घरच्या मैदानावर, आला तेव्हा पाचव्या इनिंगपर्यंत त्याच्यावर एकही धाव झाली नाही, आणि कब्स 6-0ने जिंकले. कब्सचा चाहता ‘बॉइड असाच, बॉइड तसाच’ म्हणतो तेव्हा त्याला दोन्ही तारखा दाखवाव्यात.

रिगली फील्डला जायचं तर शहरी रेल्वेच्या रेड लाइनने, ॲडिसन स्टेशनला उतरायचं. गाडी घेऊन जाऊ नका. मैदान भर वस्तीत आहे, पार्किंग जवळजवळ नाही आणि जे आहे ते फार महाग. मैदान 1914चं. मैदानाच्या टोकाच्या विटांच्या भिंतीवर वेल आहे, ऑक्टोबरात तिची पानं लाल व्हायला लागतात. चेंडू त्या वेलीत अडकला की क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस (धावेच्या वाटेवरचे चारपैकी दोन टप्पे) मिळतात. हात वर न करता तो चेंडू शोधत बसला तर खेळ चालूच राहतो. वाऱ्याकडे मात्र बारीक लक्ष ठेवा. मिशिगन तलावाकडून आत येणारा वारा होमरनचा, म्हणजे थेट भिंतीपार जाणारा, चेंडू अलीकडेच पाडतो, उलटा वाहिला तर साधा उंच फटकाही बाहेर जातो. म्हणून इथले जुने प्रेक्षक आल्या आल्या आधी झेंडे बघतात. रात्रीच्या सामन्याला लोकरी टोपी आणि वाऱ्याला अडवणारं जाकीट हवंच. नुसत्या स्वेटरवर नववी इनिंग निघत नाही.

समोरच्या संघाच्या बॅटरवर दोन स्ट्राइक झाले (तिसऱ्याला तो बाद) की सगळं स्टेडियम उभं राहतं. नवख्याने गोंधळू नये. उभं राहावं, नाहीतर पुढचं काही दिसणार नाही.

मिलवॉकीचं मैदान, अमेरिकन फॅमिली फील्ड, रिगलीच्या अगदी उलट. शहराच्या पश्चिमेला, महामार्गाला लागून, भोवती अफाट पार्किंग आणि वर सरकणारं छप्पर. गाडी नसेल तर मध्यवस्तीतले बरेच बार आपल्या गिऱ्हाइकांना बसने मैदानावर सोडतात आणि परत आणतात, ही तिथली जुनी रीत आहे. रात्रीचा सामना संपेस्तोवर शिकागोची शेवटची रेल्वे गेलेली असते, म्हणून मुक्काम मिलवॉकीतच धरा. पाठीवरची पिशवी आत नेऊ देत नाहीत. छोटं पाकीट आणि फोनवरचं तिकीट, एवढंच जवळ असू द्या.

खरा वाद ऐकायचा तर सामन्याच्या दोनेक तास आधी पार्किंगमध्ये पोचा. जागोजागी शेगड्या पेटलेल्या असतात. ब्राटवुर्स्ट नावाचे सॉसेज आधी बिअर आणि कांद्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजवतात, मग निखाऱ्यावर फक्त रंग येईपर्यंत फिरवतात. कच्चे थेट मोठ्या आचेवर टाकले तर साल फाटते, चरबी निखाऱ्यावर गळते, ज्वाळा उठतात आणि आतला भाग कच्चाच राहतो. शाकाहारी माणसाला भाजलेलं कणीस आणि तळलेले चीझचे तुकडे सहज मिळतात, आणि दोन्ही उत्तम असतात.

इथल्या बोलण्यात पहिलं नाव क्रेग काउन्सेलचं. मिलवॉकीच्याच उपनगरात वाढलेला, ब्रुअर्सचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, असलेला हा माणूस 2023च्या हंगामानंतर त्याच कामासाठी कब्सकडे गेला. त्याचं नाव पुकारलं की हुर्यो उठते. त्या आवाजात राग आहे, पण 1969 साली सुरू होऊन अजून एकही वर्ल्ड सिरीज (अंतिम मालिका) न जिंकलेल्या संघाचं दुखणंही आहे. 1982मध्ये ते अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत गेले आणि सेंट लुइसकडून हरले. पार्किंगमधली म्हातारी माणसं तो सामना अजून इनिंगनुसार सांगतात.

कब्स-ब्रुअर्स मालिकेतले पहिले चारही सामने यजमानांनी जिंकले. 11 ऑक्टोबरचा पाचवा समजून घेण्यासारखा होता. ब्रुअर्सकडे ताजा स्टार्टर नव्हता: त्यांच्या स्टार्टर्सपैकी वूडरफ जखमी, पेराल्टा दोनच दिवसांपूर्वी खेळलेला. म्हणून एरवी सामना संपवणारा मेगिल पहिली इनिंग टाकायला आला, मग ताशी 160 किलोमीटरच्या वर टाकणारा नवखा मिझिओरोव्स्की चार इनिंग. काँट्रेरास, वॉन आणि टुरांग यांचे तीन होमरन, प्रत्येकी एकच धाव, आणि निकाल 3-1. कब्सची एकमेव धाव सुझुकीच्या होमरनची.

हीच तुकड्यातुकड्यांची पद्धत पुढच्या फेरीत लॉस एंजेलिस डॉजर्सपुढे अपुरी पडली. हंगामात ब्रुअर्सनी डॉजर्सना सहाच्या सहा सामन्यांत हरवलं होतं, आणि मिलवॉकीचे चाहते तो आकडा छातीवर मिरवत होते. पण डॉजर्सच्या स्नेल, यामामोतो, ग्लासनाऊ आणि ओतानी या चार स्टार्टर्सनी मिळून 36पैकी 28हून जास्त इनिंग टाकल्या. ब्रुअर्सना प्रत्येक सामन्यात एकच धाव मिळाली आणि मालिका 4-0ने गेली. रोज वेगळा, ताजा रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा पिचर) आणून 162 सामने काढता येतात. एकाच संघाशी लागोपाठ खेळताना त्याच बॅटर्सना तेच रिलीव्हर पुन्हा पुन्हा दिसतात, ते रिलीव्हर दमतात, आणि फायदा संपतो.

तुम्ही पुढच्या ऑक्टोबरात जाणार असाल तर तिकीट ‘गरज पडल्यास’ प्रकारचं घ्यायला घाबरू नका. सामना झाला नाही तर पैसे परत येतात. हॉटेल मात्र रद्द करता येणारंच घ्या, कारण सामन्याची वेळ टीव्हीच्या सोयीने अगदी शेवटी जाहीर होते.

मालिका संपल्यावर मिलवॉकीत चर्चा पेराल्टाची होती. हंगामात 17 विजय मिळवणाऱ्या या पिचरचा करार 2026च्या अखेरीपर्यंतचा. तरुण खेळाडूंच्या बदल्यात त्याला आत्ताच सोडावं, असं निम्मे लोक म्हणत होते. निम्म्यांना तो आणि बरा झालेला वूडरफ एकत्र हवे होते. मी दुसऱ्या बाजूचा आहे: विश्रांती घेतलेले दोन भक्कम स्टार्टर असते तर त्या चारपैकी निदान एक सामना तरी मिलवॉकीचा होता.