ठिगळ

कागद-संवर्धन म्हणजे जुन्या सुंदर चित्रांच्या सहवासात दिवस घालवणं, असं लोकांना वाटतं. मी बहुतेक दिवस वाळलेला सरस खरवडत असते.

त्या दिवशी इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थचं ‘जिन लेन’ टेबलावर होतं. मूळ चित्र 1751 चं, आमचा छाप नंतरचा. ज्यावर चित्र कोरून छाप काढतात तो तांब्याचा पत्रा झिजलेला असावा, बारीक रेषा पुसट आल्या होत्या. मागे सरसानं पुठ्ठा डकवलेला. पत्र्याचा दाब उमटून कागदावर चौकट पडते, तीही कुणीतरी फ्रेममध्ये बसावं म्हणून कात्रीनं उडवलेली. फ्रेमवाल्यांवर माझा राग उगाच नाही.

चित्रात लंडनची सेंट जाइल्स वस्ती. पायऱ्यांवर झिंगलेली बाई, पायांवर फोड, चिमटीत तपकीर. हातातलं मूल कठड्यावरून खाली कोसळतंय आणि तिला पत्ता नाही. मागे सुतार आपली करवत गहाण टाकतोय. गरिबांची जिनची दारू आवरण्यासाठी कायदा व्हावा म्हणून होगार्थनं हे कोरलं. किंमत एक शिलिंग. कायदा त्याच वर्षी झाला.

भिंगाखाली धरलं तर बाईच्या उघड्या छातीवर कागदाचं ठिगळ! अंगठ्याच्या नखाएवढं. त्यावर शाईनं कापडाच्या चुण्या काढलेल्या, तेही कोरीव रेषांशी रेषा जुळवून. हात कसलेला होता. मूल मात्र तसंच पडत होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता.

माझं मत होतं, राहू द्यावं. वरिष्ठांनी भिंग हातात न घेताच सांगितलं, ‘मूळचं नाही ना? काढा.’

ठिगळाला सरस नव्हता, खळ होती. आधी ओल्या बोळ्याचं टोक टेकवून शाई फुटत नाही ना पाहिलं. मग मिथाइल सेल्युलोज या ओलावा धरणाऱ्या जेलचा पातळ थर दिला, खळ मऊ पडेपर्यंत थांबले आणि बांबूच्या पातीनं कडेकडेनं उचललं. फाटलं नाही. चुण्यांसकट आता ते पारदर्शक पाकिटात, फाइलमध्ये आहे.

पण इतकी वर्षं उजेड न लागल्यानं खालचा कागद पांढरा राहिला होता. बाकी चित्र पिवळसर, आणि छातीवर नखाएवढा लख्ख तुकडा. नजर आधी तिथेच जाते.

काल वरिष्ठांनी विचारलं, तेवढा भाग जरा झाकता येईल का.