गाविलगड पाहायला गेलो, वाघ दुसऱ्या दिवसावर ढकलला

चिखलदऱ्याला जातो म्हटलं की परतवाड्यापासूनच लोक विचारतात, "वाघ पाहाले का?" साहजिकच आहे. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. आम्ही मात्र सेमाडोहची सफारी दुसऱ्या दिवशी ठेवली आणि पहिला दिवस अख्खा गाविलगड किल्ल्याला दिला. दोन्ही एका दिवसात कोंबणारे पहिल्या दरवाजापाशी फोटो काढून परत फिरतात.

किल्ला वनखात्याच्या हद्दीत. चौकीवर नाव-गाव लिहिलं, पैसे भरले. तिथल्या मामांनी पाण्याच्या बाटल्यांकडे पाहत बजावलं, "प्लास्टिक तिकडं टाकाचं नाही. अन् झुडपात घुसाचं नाही, अस्वल असते." वाघाचा उल्लेखही नाही!

गावाकडून किल्ल्यात जाताना चढ असा लागतच नाही. किल्ल्यावर आलो की नुसते फिरायला आलो, असं वाटावं इतकी सोपी वाट. दक्षिणेच्या कड्यावर जाऊन खाली वऱ्हाडचं मैदान पाहिलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिकडून चढून यायचं म्हणजे जीव जाईल. किल्ल्याची दुबळी बाजू म्हणजे आपण आत्ता आलो तीच!

१८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी नेमकं हेच हेरलं. वेलस्ली दक्षिणेकडून तोंड दाखवत राहिला आणि स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगर-जंगलातून तोफा ओढत उत्तरेला लबाडा गाव गाठलं. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं, १५ डिसेंबरला हल्ला झाला. आतल्या तटाला मात्र शिड्या लावाव्या लागल्या. नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. भोसल्यांनी दोनच दिवसांत इंग्रजांशी देवगावचा तह केला. पुस्तकात हे सगळं चार ओळींत उरकतं. बाहेरच्या तटापासून आतल्या तटापर्यंत चालून पाहिलं की शिड्या का लागल्या ते कळतं.

शार्दूल दरवाजापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. दगडात कोरलेला सिंहासारखा शार्दूल, पंजात हत्ती, शिवाय दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी. हत्ती इतके बारके की मांजरीने उंदीर धरावा तसे दिसतात. वऱ्हाडावर राज्य केलेल्या इमादशाहीचा मूळ पुरुष फतहुल्ला विजयनगरच्या मुलखातला, हिंदू घरात जन्मलेला. दक्षिणेतला गंडभेरुंड इतक्या वर, सातपुड्यात, कसा पोचला याचा धागा तिथे लागतो. पण अशा दरवाजावर कोळशाने नावं लिहिणाऱ्यांना काय म्हणावं?

आत तलाव आहेत, मशीद आहे, गवतात तोफा पडल्या आहेत. सावली कमी, खायला काहीच मिळत नाही. भाकरी-ठेचा बांधून न्यावा आणि दिवस बुडायच्या आत बाहेर पडावं. पावसाळ्यात जायचं तर धबधब्यांसाठी जा. धुक्यात हातभर पुढचा तट दिसत नाही. किल्ल्यासाठी दिवाळीनंतरचे दिवस बरे, गवतही तोवर वाळायला लागलेलं असतं.